गरवायला जाताना सामान घरी परत आणायची तयारी

खडपात (किनाऱ्यावरच्या खडकांत) गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, जायचं ठरलं की आपली तयारी म्हणजे कुठलं ल्युअर (गळ लावलेला खोटा मासा), कुठला स्पॉट, जिवंत कोळंबी मिळेल का, एवढीच. सामान परत घरी कसं येणार याची तयारी कोणी करत नाही, मीही करायचो नाही, आणि गेल्या काही वर्षांत माझं काय काय पाण्यात गेलंय त्याचा पूर्ण हिशोब अजून बायकोला सांगितलेला नाही. एक रॉड-रीळ, दोन ल्युअर बॉक्स, एक गॉगल, गाडीची चावी, आणि सुटी ल्युअरं तर मोजलीच नाहीत. यातलं माशाने नेलेलं फक्त एक, बाकी सगळं मी खाली ठेवलं होतं नाहीतर नीट बांधलं नव्हतं.

तर आदल्या रात्री पहिलं काम तिथी बघायची. मुंबई-रायगड पट्ट्यात जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं की पूर्ण भरतीची वेळ येते, म्हणजे चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण तीन, दुपारी तीनच्या आसपास भरती आणि पुन्हा रात्री तीनच्या थोडं पुढे. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. खाली मालवण-गोव्याकडे वेळ जरा आधीची पडते, तिकडे तिथलंच टाइड टेबल बघा. पण वेळेपेक्षा महत्त्वाचं म्हणजे पाणी चढतं कसं ते. सहा तासांत सारखं चढत नाही, पहिल्या तासात काही कळतच नाही, आणि मग तिसऱ्या-चौथ्या तासात जवळजवळ अर्धं पाणी येतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईकडे भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, म्हणजे त्या दोन तासांत दोन मीटर, पुरुषभर पाणी! माझे दोन्ही ल्युअर बॉक्स असेच गेले, ओहोटी संपताना बॅग एका छान कोरड्या सपाट खडकावर ठेवली, तासभर पाणी जागचं हललं नाही म्हणून निवांत पुढे सरकत गेलो, मागे वळून बघितलं तर खडकच नाही. त्यामुळे बॅग ठेवायची जागा बघताना खडक कोरडा आहे का हे बघू नका, त्याच्यावर कालवं आणि शेवाळ कुठपर्यंत आहे ते बघा, त्या रेषेच्या बऱ्यापैकी वर ठेवा. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे छोट्या भरतीला, पाणी कमी चढतं, नवीन माणसाने तेव्हाच जावं असं माझं मत.

मग रात्रीच रॉड-रीळ हातात घ्यायचं. रीळ सीटची (रॉडवर रीळ बसतं त्या जागेची) चकती आवळलेली आहे का बघा, ही कास्ट करता करता हळूहळू सैल होते आणि आपल्याला पत्ता नसतो. दोन तुकड्यांची रॉड असेल तर जोड पिळून घट्ट बसवा आणि तिकडे गेल्यावर दर अर्ध्या तासाने हात लावून बघा, कारण जोरात कास्ट मारल्यावर ल्युअरच्या मागोमाग रॉडचा पुढचा अर्धा भाग उडत जाताना मी बघितलाय (माझा नव्हता, हसलो पण खूप). गाइडची (रॉडवरच्या ज्या कड्यांतून लाइन जाते त्यांची) रिंग फुटलीय का ते कापूस फिरवून बघा, कापूस अडकला तर तिथे ब्रेड (बारीक धाग्यांची विणलेली) लाइन कापली जाणार. लाइनचे शेवटचे चार-पाच मीटर खडकाला घासून कापसासारखे झालेले असतात, ते तोडून टाका, जीव खाली-वर करू नका, नऊशेचं ल्युअर वाचतंय.

आता ड्रॅग, म्हणजे रीळचा ब्रेक, किती जोराने ओढल्यावर लाइन सुटेल ते ठरवणारा. हे जरा सविस्तर सांगतो कारण माझी रॉड इथेच गेली. माझी म्हणजे मेव्हण्याची. रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाला आमिष लावून रॉड दोन दगडांच्या बेचक्यात उभी केली, ड्रॅग घट्ट, आणि मी डबा उघडून पोळी-भाजी खायला बसलो. पहिला घास तोंडात असताना टोक एकदा वाकलं, मी म्हटलं शिंगाळा असेल, खाऊ दे जरा, आणि दुसऱ्या झटक्याला अख्खी रॉड पाण्यात. बहुतेक पाकट (चपटा, लांब शेपटीचा मासा) असणार, पाकट असंच सरळ जड ओढत नेतं. रॉड हातात नसेल तेव्हा ड्रॅग इतका ढिला हवा की हाताने ओढली तर लाइन करकर करत सुटली पाहिजे, आणि जोडीला रॉडला दोरी हवीच, रीळच्या पायापाशी गाठ आणि दुसरं टोक अशा ठिकाणी जे हलणार नाही, स्टँडला बांधून उपयोग नाही, स्टँडपण जातो. हातात असताना ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या पाव भागाला सेट करा, 30 पाउंडाची ब्रेड असेल तर साडेतीन किलोच्या आसपास, घरी मासे मोजायचा स्प्रिंगकाटा लाइनला अडकवून बघता येतं, पाच मिनिटांचं काम आहे. मेव्हण्याला नवीन रॉड घेऊन दिली, ती तो मला हात लावू देत नाही.

बॅगेत काय हवं म्हणाल तर ल्युअरच्या आधी ल्युअर सोडवायच्या वस्तू. एक जुनं लाटणं ठेवा. हसू नका, ल्युअर खडपात अडकलं की लोक ब्रेड हाताला गुंडाळून ओढतात आणि ब्रेड बोट हाडापर्यंत कापते, ती लाटण्याला गुंडाळायची, रॉड सरळ अडकल्या दिशेला धरायची म्हणजे ती वाकत नाही आणि मोडत नाही, आणि तोंड दुसरीकडे करून सावकाश मागे चालायचं. तोंड फिरवायचं कारण सुटलेलं ल्युअर तीन गळांसकट थेट तुमच्याकडे येतं. पण ओढणं शेवटचा उपाय. आधी लाइन ढिली सोडून टोक हलवा, मग बाजूने वीस-पंचवीस पावलं जाऊन उलट्या दिशेने बघा, ज्या बाजूने शिरलंय त्याच बाजूने ते निघतं. तरी नाही निघालं आणि भरती असेल तर तोडा, पण खूण लक्षात ठेवा, समोरचं झाड, मागचा दगड, मोबाइलवर फोटो, आणि ओहोटीला परत या. मला माझी चार मिळालीत अशी, वर दुसऱ्या कोणाची सहा आणि शिशाचा ढीग.

लीडर (ब्रेड आणि ल्युअरच्या मधला लाइनचा तुकडा) ब्रेडपेक्षा थोडा कमी ताकदीचा लावा, म्हणजे तुटलं तर गाठीपाशी तुटेल, पन्नास मीटर ब्रेड समुद्रात राहणार नाही. ती राहिली की कासव-पक्षी अडकतात आणि कोळ्यांच्या जाळ्यात गुंता होतो, आणि शिव्या आपल्यालाच. बुडातली गरवण असेल तर वजन वेगळ्या, हलक्या तंगुसाच्या (नायलॉन दोऱ्याच्या) तुकड्यावर टांगा, अडकतं ते वजनच, तेवढंच तुटू दे. आणि वजनाला शिसं कशाला, गॅरेजवाल्याकडे जुने स्पार्क प्लग फुकट मिळतात. ल्युअरचे तिहेरी गळ काढून एकेरी लावले तर अडकणं बरंच कमी होतं, मासा सुटेल ही भीती मला होती, तसा काही फरक पडला नाही.

आणखी एक वस्तू, गावाकडच्या विहिरीत बादली पडली की काढायचा तो लोखंडी गळ असतो ना, चार-पाच आकड्यांचा, तो आणि वीस मीटर दोरी. गावावरून उचलून आणलाय मी. जेट्टीवरून किंवा उथळ खाडीत रॉड पडली तर याने सापडते, तळाला लावून सावकाश ओढत यायचं, लाइन आकड्यात आली की मागून रॉड येते. लोहचुंबक घेऊन येणारे भेटतात, पण रीळ ॲल्युमिनियम किंवा ग्रॅफाइटचं, रॉड कार्बनची, चुंबकाला काय चिकटणार. आणि एक गोष्ट रागावून सांगतो, रॉडच्या मागे पाण्यात उतरायचं नाही, कितीही महाग असू दे. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटेने माणसं नेलीत आणि ती काही रीळ काढायला गेली नव्हती, नुसती चालत होती. एकटे जाऊ नका, लाइफ जॅकेट घाला, 112 आणि कोस्ट गार्डचा 1554 मोबाइलमध्ये आधीच सेव्ह करून ठेवा.

चावी, मोबाइल, चष्मा. चावीला जाळ्याचा छोटा फ्लोट बांधा, आणि घरी बादलीत टाकून बघा खरंच तरंगते का, माझी पहिली फ्लोटसकट बुडाली होती. रिमोटवाली चावी खाऱ्या पाण्यात मेली की गाडी तिथेच, म्हणून दुसरी चावी सोबतच्या माणसाकडे, आपल्याच दुसऱ्या खिशात नाही. वॉटरप्रूफ पाउचमध्ये आधी टिश्यू घालून बुडवून बघा, कोरडा निघाला तरच मोबाइल. चष्म्याला दोरी. रात्रीची गरवण असेल तर नंबरप्लेटवाल्याकडून रेडियमच्या पट्ट्या घ्या आणि प्लायर, बॉक्स, रॉडचा बट, सगळ्याला चिकटवा, बॅटरी फिरवली की खडपात सगळं चमकतं. काळी रॉड, काळं रीळ, काळी बॅग, कोणाचं डोकं आहे हे कळत नाही. प्लायर कमरेला गुंडाळी वायरने.

रॉडवर मोबाइल नंबर लिहा, पर्मनंट मार्कर आणि वरून पारदर्शक टेप. रीळच्या पायावरच्या नंबरचा फोटो काढून ठेवा. काही गेलंच तर जवळच्या धक्क्यावर जाऊन सांगून या, नंबर देऊन या, नीट बोललं की लोक लक्षात ठेवतात. माझा एक बॉक्स तीन आठवड्यांनी जाळ्यात आला, फोन पण आला, गळ सगळे गंजलेले पण ल्युअरं चालू आहेत अजून.

निघताना वस्तू मोजा. मी आकडा बॅगेच्या झाकणावर लिहिलाय, अकरा, आणि अकरा झाल्याशिवाय खडपावरून उतरत नाही. दमलेला असताना, अंधार पडताना आणि मासा मिळालेला असताना सगळ्यात जास्त विसरतं, मासा मिळाल्यावर तर नक्कीच. लोकलने येणाऱ्यांनी रॉडची नळी वरच्या रॅकवर ठेवूच नका, पायात धरा, झोप लागली तरी. राहिलीच तर 139 ला लगेच फोन, गाडीचा नंबर आणि कितवा डबा हे आठवत असेल तर. रीळ पाण्यात बुडून परत मिळालं असेल तर वाटेत कोरडं करत बसू नका, मीठ आत सुकतं, घरी आल्या आल्या ड्रॅग आवळून गोड्या पाण्याच्या बादलीत, मग उघडून तेल. आंघोळ त्यानंतर.