४० मीटरचा हॅम ट्रान्सीव्हर घरी जोडताना

ट्रान्सीव्हर म्हणजे एकाच पेटीत ऐकणारा आणि पाठवणारा रेडिओ, आणि हॅम म्हणजे हौशी रेडिओवाला. त्याचं किट हातात पडलं की सगळे पार्ट एका बैठकीत बोर्डावर चढवून थेट १२ व्होल्ट द्यावेसे वाटतात. तो मोह आवरा. एक टप्पा जोडा, तो चालतोय का बघा, मगच पुढचा पार्ट उचला. शंभरेक पार्ट लावलेला बोर्ड मुका राहिला, तर चूक कुठे आहे हे मुरलेल्या हॅमलाही पटकन सापडत नाही.

आधी परवान्याचं. दूरसंचार विभागाची परीक्षा पास होऊन परवाना आणि कॉल साइन (रेडिओवरची तुमची ओळख) मिळेपर्यंत ट्रान्समिट करायचं नाही. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला व्हीयू३, जनरलला व्हीयू२ अशी कॉल साइनची सुरुवात असते.

किट निवडताना ४० मीटरचा, म्हणजे आपल्याकडे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झचा, एसएसबी (आवाज पाठवण्याची एक पद्धत) सेट घ्या. या बँडवर देशातल्या देशात दिवसभर बोलता येतं. ‘पिक्सी’ स्वस्त असतो, पण त्यावर फक्त मोर्स चालतं. ते येत नसेल तर किट कपाटात पडून राहतं. माझं मत ‘बिटएक्स’ जातीच्या सर्किटला. हैदराबादच्या अशर फरहान (व्हीयू२ईएसई) यांनी ते आपल्या बाजारात सहज मिळणारे पार्ट धरूनच आखलं. मूळ आराखड्यात टोरॉइडऐवजी (कॉइल गुंडाळायची कडी) चक्क नळाचे वॉशर वापरले होते!

हत्यारं थोडीच लागतात: २५ वॅटचं बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर, कटर, चिमटा, मल्टिमीटर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत सगळं मिळतं. पार्ट यादीशी ताडून बघा आणि प्रत्येक रेझिस्टर मीटरवर मोजूनच लावा. रंगपट्ट्यांमधला लाल आणि नारिंगी रात्रीच्या उजेडात हमखास फसवतो.

सुरुवात स्पीकरकडून करा. एलएम३८६ या आवाज वाढवणाऱ्या चिपचा ऑडिओ भाग आधी जोडा, पुरवठा द्या आणि इनपुटला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावा. घुर्र आवाज आला की हा टप्पा झाला. मग बीएफओ आणि व्हीएफओ हे दोन ऑसिलेटर: व्हीएफओनं स्टेशन लावायचं, बीएफओनं आवाज उलगडायचा. ते चालतात का हे शेजारी शॉर्टवेव्ह रेडिओ ठेवून कळतं: नेमक्या फ्रीक्वेन्सीवर रेडिओची खरखर एकदम दबते. त्यानंतर क्रिस्टल फिल्टर (हवी तेवढीच फ्रीक्वेन्सी जाऊ देणारा), मिक्सर (दोन फ्रीक्वेन्सी मिसळणारा) आणि मधले अ‍ॅम्प्लिफायर.

बहुतेकांची गाडी अडते ती कॉइलपाशी. टोरॉइडच्या भोकातून तार एकदा गेली की एक वेढा. बाहेरून दिसणारे वळसे मोजू नका. तारेवरचं इनॅमल ब्लेडनं खरवडून तांबं चकचकीत दिसू द्या, टोकाला आधी सोल्डर चढवा, मगच बोर्डात घाला. वरून डाग सुरेख दिसतो, पण आत इनॅमल तसंच असलं तर जोड झालेलाच नसतो. म्हणून लावल्यावर मीटरनं कंटिन्युइटी बघाच. दोन किंवा तीन तारा पिळून केलेल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये एका तारेचा शेवट दुसरीच्या सुरुवातीला जोडायचा असतो. तारा वेगवेगळ्या रंगांच्या असल्या तर घोळ होत नाही.

आता दहा मीटर वायर अँटेना म्हणून जोडा. संध्याकाळी हॅम मंडळींचे आवाज यायला हवेत. ते बसके किंवा किनरे वाटले, तर बीएफओचा ट्रिमर (स्क्रूसारखा फिरवायचा छोटा कपॅसिटर) बोलणं नैसर्गिक वाटेपर्यंत हळूहळू फिरवा. रिसीव्हर असा बोलू लागला की निम्म्याहून जास्त काम झालं, कारण बिटएक्समध्ये तोच फिल्टर आणि तेच मिक्सर ट्रान्समिटलाही वापरले जातात.

ट्रान्समिटरच्या शेवटच्या टप्प्यात आयआरएफ५१० हा पॉवर ट्रान्झिस्टर असतो. त्याची पाठ ड्रेनला (त्याच्या एका पायाला) जोडलेली असते, त्यामुळे हीटसिंकवर बसवताना अभ्रकाची चकती आणि स्क्रूला इन्सुलेटिंग बुश घालायचाच. अँटेनाच्या जागी डमी लोड, म्हणजे पॉवर हवेत न सोडता जिरवणारा रेझिस्टर, लावा. तो घरीही होतो: १ किलोओहम, २ वॅटचे २० कार्बन रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहम. वायरवाउंड चालत नाहीत. ते स्वतःच कॉइलसारखे वागतात.

बायसचा (ट्रान्झिस्टरचा स्थिर करंट ठरवणारा) प्रीसेट आधी पूर्ण खाली आणा. पुरवठ्यात अ‍ॅमीटर घाला, माइक बंद ठेवून पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबा आणि करंट बघा. मग प्रीसेट केसभर, केसभर फिरवत करंट साधारण १०० मिलीअँपिअरनं वाढेपर्यंत न्या. इथे घाई केली तर ट्रान्झिस्टर आवाजही न करता जातो. एखादा जास्तीचा आणून ठेवा, महाग नसतो.

पुरवठ्याला १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी उत्तम. स्वस्त स्विचिंग अडॅप्टर रिसीव्हरमध्ये खरखर भरतात. फ्यूज मात्र हवाच.

अँटेनाला साधा डायपोल पुरे: दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तार, मध्ये कोॲक्स केबल. सुरुवातीला तार थोडी लांबच ठेवा आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप) बघत दोन्ही टोकं सारखी कापत या. पहिल्यांदा बोलताना फ्रीक्वेन्सी मोकळी आहे ना हे विचारा, मग सीक्यू (कोणीही उत्तर द्या, अशी हाक) द्या. पलीकडच्याला सिग्नलच्या आधी ऑडिओचा रिपोर्ट मागा. आवाज फाटतोय असं तो म्हणाला, तर माइक गेन कमी करून पुन्हा विचारा.