आपापल्या गच्चीवरून आर्द्रेची प्रत कशी ठरवावी

मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी लागली आणि वांगणीसारख्या ठिकाणी होणारे रात्रभराचे आकाशदर्शन थांबले. पुढे निर्बंध सैल झाले, तरी एकाच दुर्बिणीच्या नेत्रिकेला वीस-पंचवीस जणांनी आळीपाळीने डोळा लावणे करोना साथीच्या काळात शहाणपणाचे नव्हते. मात्र रूपविकारी ताऱ्यांची, म्हणजे ज्यांचे तेज कमी-जास्त होते अशा ताऱ्यांची नोंद ठेवण्यासाठी एकत्र जमण्याची गरज नसते. माझ्या मते तर ती वेगवेगळ्या गच्च्यांवरूनच अधिक चांगली होते.

हिवाळ्यात सुरुवात करण्यासाठी मृगातील तांबूस तारा आर्द्रा सर्वांत सोयीचा, कारण तो शहराच्या उजेडातही नुसत्या डोळ्यांनी दिसतो. एरवी त्याची प्रत ०.५ च्या आसपास असते (प्रतीचा आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी), पण फेब्रुवारी २०२० मध्ये ती सुमारे १.६ पर्यंत उतरली आणि आर्द्रा मृगातल्याच शेजारच्या बेलाट्रिक्स या ताऱ्याइतकी मंद दिसू लागली. ताऱ्यातून बाहेर फेकलेल्या वायूपासून तयार झालेली धूळ आड आली असावी, असे हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून त्याच वर्षी सुचवण्यात आले.

तुलनेसाठी दोन तारे पुरतात : प्रश्वा, प्रत ०.४, आणि रोहिणी, प्रत ०.९. जानेवारीत रात्री नऊच्या पुढे तिन्ही तारे पुरेसे वर आलेले असतात. तारा क्षितिजाजवळ असेल तर हवेच्या जाड थरामुळे तो खऱ्यापेक्षा मंद दिसतो, म्हणून घाई करू नये. गच्चीवर गेल्यावर किमान वीस मिनिटे मोबाईल खिशात ठेवावा, म्हणजे डोळे अंधाराला सरावतात. वहीत लिहिण्यापुरता उजेड हवा असेल तर टॉर्चवर लाल जिलेटिन कागदाच्या दोन घड्या रबरबँडने बसवाव्यात. पाण्याच्या टाकीमागे उभे राहिले की समोरच्या सोसायटीचा दिवाही आड होतो.

मग आधी प्रश्वा, नंतर आर्द्रा, नंतर रोहिणी, असे झरझर पाहावे. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहिले की तो अधिकाधिक तेजस्वी वाटू लागतो. नवख्यांची सर्वाधिक फसगत येथेच होते. आता प्रश्वा ते रोहिणी या अंतराचे मनात पाच भाग करावेत. आर्द्रा प्रश्वापेक्षा मंद, पण रोहिणीपेक्षा उजळ असून तीन भाग रोहिणीकडे झुकलेली वाटली, तर प्रत ०.७ येते. ती रोहिणीहूनही मंद दिसली, तर दुसऱ्या टोकाला १.६ प्रतीचा बेलाट्रिक्स घेऊन हाच हिशेब करावा.

आकडा ठरताच तारीख, वेळ, तुलनातारे आणि आकाशाची स्थिती यांच्यासह वहीत शाईने लिहावा, आणि त्यानंतरच निरीक्षक मित्रांच्या मोबाईल ग्रुपवर टाकावा. हा नियम मी स्वतः मोडला आहे. एका मित्राचा ०.६ हा आकडा आधी वाचला आणि माझा ०.९ मला लगेच चुकीचा वाटू लागला, खोडून ०.७ केला, आणि त्या रात्रीची माझी नोंद निरुपयोगी झाली. मैदानात सगळे एकत्र उभे असताना अनुभवी माणसाने मोठ्याने उच्चारलेला आकडा नेमके हेच करतो. म्हणून ग्रुपवर एक वेळ ठरवून घ्यावी, उदाहरणार्थ साडेदहा, आणि तोवर कोणीही आकडा कळवू नये. पाच जणांच्या आकड्यांत दोन-तीन दशांशांचा फरक पडला तर कोणालाही दुरुस्त करू नये. नुसत्या डोळ्यांच्या अंदाजात तेवढा फरक राहणारच.

महिनाभर सराव झाल्यावर नोंदी अमेरिकेतील रूपविकारी तारे निरीक्षकांच्या संघटनेकडे पाठवता येतात. १९११ साली स्थापन झालेली ही संघटना जगभरातील हौशी निरीक्षकांच्या नोंदी स्वीकारते. त्यासाठी निरीक्षक-संकेत, म्हणजे आपल्या नोंदी ओळखण्याची खूण, मागवून घ्यावा लागतो, सभासदत्व आवश्यक नसते. वेळ मात्र जागतिक प्रमाणवेळेत द्यावी लागते, म्हणजे घड्याळातून साडेपाच तास वजा करून : रात्री साडेनऊ असतील तर १६:०० लिहावे. भारतात मध्यरात्र उलटून गेली, पण पहाटेचे साडेपाच अजून वाजले नसले, तर तारीखही एक दिवस मागे घ्यावी. ज्या रात्री काहीच दिसले नाही, त्या रात्रीसमोर स्वतःच्या वहीत ‘ढग’ एवढे तरी लिहून ठेवावे.