एमसीएला प्रवेश घेताय? इंटर्नशिपची तयारी पहिल्याच सत्रात धरा

मी एमसीएच्या मुलांचे प्रोजेक्ट तपासते. प्रवेशाच्या दिवसांत सगळे हेच विचारतात: मॅडम, सुरुवात कुठून करू?

महाराष्ट्रात 2020-21 पासून एमसीए दोनच वर्षांचं झालंय. शेवटच्या सत्रात इंटर्नशिप असेल, तर मुलाखती तिसऱ्या सत्रातच सुरू होतात. हाताशी जेमतेम वर्ष उरतं. सीईटी, कॅप राउंड (केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या), कागदपत्रं वेळापत्रकाप्रमाणे उरका. कॉलेज निवडताना मात्र स्पष्ट विचारा: इंटर्नशिप तुम्ही मिळवून देता की आमची आम्ही शोधायची?

मग जावा किंवा पायथन, एकच भाषा धरा. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, तिचा सराव रोज. गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, पहिल्या आठवड्यात शिका. आणि गल्लीतल्या किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीचं ॲप बनवा: ग्राहकांचं एक टेबल, व्यवहारांचं दुसरं. शिल्लक साठवून ठेवायची की दर वेळी व्यवहारांच्या बेरजेतून काढायची? या एका प्रश्नावर मुलाखतीत भरपूर बोलता येतं. गिटमध्ये बदल नोंदवताना, म्हणजे कमिटला, नुसतं ‘बदल’ लिहू नका. ‘परतफेड दोनदा नोंदली जात होती, ते थांबवलं’ असं लिहा. मी आधी तेच वाचते.

इंटर्नशिप देतो म्हणून पैसे मागणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. ऑफर लेटर आलं की रुजू होण्याआधी कॉलेजचं एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) घ्या.