बाथरूम नव्यानं करताय? शॉवर आणि गीझर निवडताना या चुका टाळा

मागच्या डिसेंबरात सांगलीतून, विश्रामबागेतल्या एका काकूंचा सकाळी सातला फोन आला. "दादा, एवढा खर्च केला, अन् डोक्यावर नुसतं ठिबकतंय." मी घरांच्या दुरुस्तीची कामं घेतो, पण त्यांचं बाथरूम दुसऱ्या कुणीतरी केलं होतं. छताला बारा इंची रेन शॉवर, भिंतीत शॉवर की नळ ते बदलणारा डायव्हर्टर, सगळं नवं कोरं. शॉवरमध्ये काहीच दोष नव्हता. गच्चीवर गेलो तर टाकी स्लॅबवर विटांच्या दोन थरांवर बसवलेली.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. लोक आधी शोरूममध्ये जातात आणि गच्चीवर शेवटी. पाण्याची पातळी शॉवरपेक्षा 10 मीटर उंच असेल तेव्हा साधारण 1 बार प्रेशर मिळतं. काकूंकडे ते अंतर जेमतेम दोन मीटर, म्हणजे 0.2 बार. मोठ्या रेन शॉवरला बहुधा 1 बारच्या आसपास लागतं. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या बंबातलं पाणी बादलीत घेऊन तांब्यानं अंघोळ झाली. नळ हळू आला तर बादली उशिरा भरायची, एवढंच. त्यामुळे प्रेशर विचारायची सवयच आपल्याला नाही.

खरेदीच्या आधी एक करा. शॉवरच्या उंचीवरचा पाइप उघडा सोडून त्याखाली 10 लिटरची बादली धरा आणि ती किती वेळात भरते ते बघा. एका मिनिटात भरली तर मोठ्या शॉवरचा विचार करायला हरकत नाही. दोन-तीन मिनिटं लागत असतील तर लहान, कमी प्रेशरवर चालणारा शॉवर घ्या, टाकी उंच करा किंवा पंप बसवा. तापमान आपोआप राखणारा थर्मोस्टॅटिक मिक्सरही कमी प्रेशरवर नीट चालत नाही, म्हणून पाकिटावर किमान प्रेशर किती लिहिलंय ते वाचूनच पैसे द्या.

पंपाचा उपाय करताना दुसरी चूक होते, आणि ती जास्त त्रास देते. गच्चीवर पाणी तापवणारा सोलर असतो, आणि पंप फक्त थंड पाण्याच्या लाइनला लावला जातो. मग मिक्सर उघडला की जोरातलं थंड पाणी गरम लाइनमध्ये उलटं घुसतं. अंगावर गार पाणी येतं आणि वर सोलरच्या व्हेंट पाइपमधून, म्हणजे हवा जायच्या उघड्या नळीतून, पाणी वाहायला लागतं. घरचे म्हणतात सोलर बिघडला. सोलर बिघडलेला नसतो, दोन्ही लाइनचं प्रेशर सारखं नसतं. दोन्ही लाइन सारख्या प्रेशरवर आणा आणि डायव्हर्टरच्या आधी दोन्हीकडे पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. गरम लाइनला पंप लावणार असाल तर तो गरम पाण्यासाठीचाच हवा. साध्या सोलरच्या टाकीत पंपाचं पाणी थेट सोडू नका, ती टाकी तेवढ्या दाबासाठी बनवलेली नसते.

आता गीझर. तीन लिटरचा इन्स्टंट गीझर घेऊन त्यावर शॉवर चालवायची अपेक्षा ठेवू नका. 3 किलोवॅटची कॉइल पाणी 20 अंशांनी तापवायची म्हटलं तर मिनिटाला दोन लिटरच्या थोडं वर देते. स्वयंपाकघराला तो उत्तम. 25 लिटरच्या टाकीतलं 60 अंशांचं पाणी 20 अंशांच्या गार पाण्यात मिसळलं की 40 अंशांचं सुमारे 50 लिटर होतं. मिनिटाला 10 लिटर घेणाऱ्या शॉवरखाली ते पाच मिनिटांत संपतं. चौघं लागोपाठ अंघोळीला जाणार असतील तर हा हिशेब आधी मांडा.

थर्मोस्टॅट 75 वर ठेवायची गरज नसते. 55 ते 60 पुरे. जास्त तापमानाला क्षार झपाट्यानं जमतात. जत, आटपाडी किंवा माण-खटावकडे बोअरच्या पाण्यावर घर असेल तर कॉइलवर पांढरा थर बसून पाणी तापायला दुप्पट वेळ लागलेला मी पाहिलाय. वर्षातून एकदा टाकी साफ करून घ्या, आत टाकीला गंजण्यापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा रॉड असेल तर तो झिजलाय का तेही बघायला सांगा. शॉवरची भोकं बुजली असतील तर रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. पाणी तापताना जादा दाब सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून चार थेंब पडतात, ते पडू द्या. एका घरात तिथं बूच मारलेलं दिसलं, ते मी तिथल्या तिथं काढलं.

विजेबाबत मात्र कुणाचंही ऐकू नका. 2 किलोवॅटचा गीझर जवळजवळ 9 अँपिअर ओढतो, 6 अँपिअरच्या स्मार्ट प्लगवर तो चालवायचा नाही. स्वतंत्र 16 अँपिअरचा पॉइंट, चालू स्थितीतलं अर्थिंग आणि वीज गळली की पुरवठा तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. गॅस गीझर तर बाथरूमच्या आत बसवूच नका. बंद खोलीत त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो, माणूस अंघोळ करताना बेशुद्ध पडतो.

गरम पाण्याला उष्णता सोसणारे सीपीव्हीसी पाइपच वापरा, साधे यूपीव्हीसी नाहीत. टाइल्स लावण्याआधी लाइनमध्ये दाबानं पाणी भरून ती रात्रभर ठेवा, सकाळी जोड बोटानं चाचपा. मग भिंतीला मोजायचा टेप लावून पाइपांचे फोटो काढा. पुढे टॉवेलचा हूक लावायला मिस्त्री ड्रिल घेऊन येतो तेव्हा ते लागतात.