मुलांना आकार आणि आवाज यांतला फरक कसा शिकवावा: ‘घ घोड्याचा’ ओरडून काही होत नाही

मूल तीन ते सहा वर्षांचं आहे आणि घरात ज्वारी, तूर, शेंगदाणे आहेत असं धरून चालते. बोलणारा तक्ता, मोबाइलमधलं ॲप यांतलं काहीही विकत आणू नका.

सुरुवात डोळ्यांपासून. ताटात ज्वारी आणि तूर मिसळून द्या, निवडायला सांगा. ते जमलं की मूग आणि मटकी. मग चादरीच्या कापडाचे तुकडे. सोलापुरात ते कुणाच्या ना कुणाच्या घरी पडलेले असतातच. नक्षी तीच पण रंग वेगळा, असे तुकडे शोधा. मूल आधी रंगावरून जोड्या लावतं. लावू द्या. नंतर नक्षीवरून लावायला सांगा.

अक्षरांशी एक गोची आहे. वाटी उलटी पडली तरी ती वाटीच असते, हे मूल केव्हाच शिकलेलं असतं. मग आपण त्याला ३ दाखवतो आणि तोच आकडा तोंड फिरवून बसला की ६ म्हणतो! गोंधळ होणारच. पाच वर्षांचं मूल आकडा उलटा काढतं म्हणून डॉक्टरकडे पळू नका. घ–ध आणि भ–म यांच्यासाठी पाटीवर वीतभर मोठं अक्षर काढा, वरच्या रेघेवरून बोट फिरवायला लावा आणि रेघ कुठे तुटते ते त्यालाच सापडू द्या. ध आणि भ यांची तुटते, घ आणि म यांची नाही. आणखी समजावत बसू नका.

आता कान. आतलं दिसणार नाही असे सहा सारखे डबे घ्या. दोनांत ज्वारी, दोनांत शेंगदाणे, दोनांत वाळू. हलवून जोड्या शोधायच्या. बालशिक्षणतज्ज्ञ माँटेसरीबाईंच्या साहित्यात हेच डबे असतात, फक्त लाकडी आणि महाग. सहाही डब्यांचं वजन साधारण सारखं होईल असा माल भरा, नाहीतर मूल वजनावरून ओळखतं आणि तुम्ही कानाचं कौतुक करत बसता. हे दोन दिवसांत होतं.

अवघड आहे ते यापुढचं, बोलण्यातले आवाज. इथे माझं अख्खं एक वर्ष वाया गेलं.

माझी बालवाडी सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत. निम्म्या मुलांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी दखनी म्हणजे इकडची उर्दू, उरलेल्यांच्या घरी मराठी. बोलीतल्या तेलुगू-कन्नडमध्ये ख, घ, ठ, भ यांतला हकार, म्हणजे ‘ह’सारखा श्वास, बहुतेक गळतो, त्यामुळे ती मुलं घोड्याला ‘गोडा’ म्हणायची. दखनी बोलणाऱ्यांचा घोडा पक्का, पण ळ आला की अडायची. तेलुगूवाल्यांना ळ म्हणजे हातचा मळ. सहा महिन्यांच्या बाळाला जगातल्या भाषांमधले बहुतेक फरक ऐकू येतात. वर्षाचं होईतो कान घरच्या भाषेला लागतो आणि जे फरक घरी कामाचे नाहीत ते सोडून देतो. म्हणजे कान बिघडलेला नसतो, त्याला सवय नसते.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी तक्ता धरून ‘घ घोड्याचा’ ओरडायचे. महिन्याभरानं एक पोरगा म्हणाला, “बाई, हळू म्हटलं की गोडा, जोरात म्हटलं की घोडा!” त्यानं बरोबरच पकडलं होतं. घ म्हणताना मी आवाज चढवत होते, भुवया उडवत होते, आणि मुलं तेवढंच शिकत होती.

दुसरी चूक, ‘सारखं की वेगळं?’ असं विचारणं. पुस्तकांत हेच लिहिलेलं असतं. मुगाशेजारी मटकी ठेवता येते, पण दुसरा शब्द येईपर्यंत पहिला हवेत विरलेला असतो. मूल तुलना कशाशी करणार? शिवाय ते अर्थाकडे बघतं. पाट आणि पाठ सारखे का, असं विचारल्यावर एक मुलगी म्हणाली, “वेगळे. पाठ घासतात.” उत्तर बरोबर, पण कान कुठे वापरला तिनं?

म्हणून विचारू नका, करायला लावा. जमिनीवर पाट ठेवा. ‘पाट’ ऐकलं की बसायचं, ‘पाठ’ ऐकलं की आपल्या पाठीला हात लावायचा. त्याआधी दोन दिवस पाटी–काठी असे लांबचे शब्द घ्या, म्हणजे खेळ कळतो. क्रम सारखा बदला, आवाज सपाट ठेवा. पाच मिनिटं, दहा शब्द, बस्स.

हकार हाताला कळतो. वर्तमानपत्राची बोटभर पट्टी तोंडासमोर धरून ‘पळ’ म्हणा, मग ‘फळ’. फळाला पट्टी उडते. मात्र फ दोन्ही ओठ मिटून म्हणा, फॅनमधला फ इथे चालत नाही. मुलांना स्वतःच्या तोंडासमोर पट्टी धरू द्या, हसू द्या. चार-पाच दिवसांनी पट्टी काढा आणि तोंडासमोर टॉवेल धरून तेच शब्द म्हणा. आता ओठ दिसत नाहीत, ओळखायचं ते कानानंच. ग–घ सगळ्यात शेवटी घ्या, तिथे पट्टी जेमतेम हलते. मी नेमकी तिथूनच सुरुवात केली होती.

ळ साठी गाल–गाळ. ‘गाल’ला गालावर बोट, ‘गाळ’ला चिखलात.

शेजारी माग चालू असेल तर हे करू नका. त्या खटखटीत हकार बुडतो, आणि मूल चुकलं की खापर त्याच्यावर फुटतं. मूल ‘गोडा’ म्हणालं तर ‘चूक’ म्हणू नका. “हो, घोडा पळाला” म्हणा आणि पुढे चला. आणि ‘घरी फक्त मराठी बोला’ असं त्याच्या अम्माला सांगणाऱ्यांचं मुळीच ऐकू नका. दोन भाषांनी कान बिघडत नाही.

एवढं करूनही महिन्याभरात फरक दिसला नाही, मूल सारखं ‘आँ?’ करत असेल, टीव्हीला चिकटून बसत असेल, कान वाहत असेल, तर खेळ थांबवा आणि कान तपासून घ्या. लांबलेल्या सर्दीत पडद्यामागे पाणी साचतं, मग त्याला पाट काय नि पाठ काय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, पण त्याची वाट बघत बसू नका, सरळ सरकारी दवाखान्यात न्या. आणि तोवर कानात तेल घालू नका, आजी कितीही म्हणाली तरी.