दूध येईल ना? नवव्या महिन्यातल्या या चुका टाळा

दिवस भरत आले की प्रसूतीच्या भीतीच्या जोडीने आणखी एक काळजी मनात घर करते: मला अंगावरचं दूध पुरेल का? एखादीच्या कपड्यांवर सातव्या महिन्यापासूनच डाग पडतात, तर दुसरीला नववा संपत आला तरी थेंब दिसत नाही. पहिली निर्धास्त असते, दुसरीची झोप उडते. खरं तर दोघींनाही त्यावरून पुढचं काहीच कळत नाही.

स्तन दाबून दूध ‘तपासणं’

गरोदरपणाच्या मध्यावरच स्तनांत चीक, म्हणजे सुरुवातीचं घट्ट दूध, तयार व्हायला लागतो. मग तो बाहेर दिसो वा न दिसो. भरपूर दूध मात्र आधी येत नाही, कारण वारेतून (प्लॅसेंटातून) येणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक ते रोखून धरतं. बाळ जन्मून वार पडली की प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं, दूध बनवायला लावणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचं काम जोरात सुरू होतं आणि साधारण दोन ते चार दिवसांत स्तन भरून येतात. नवव्या महिन्यात ते कोरडे वाटणं त्यामुळे अगदी स्वाभाविक आहे. आकारावरूनही अंदाज बांधू नका. लहान-मोठेपणा मुख्यतः चरबीमुळे असतो, दूध बनवणाऱ्या ग्रंथींमुळे नाही.

स्तनाग्रं सारखी चोळल्याने, ओढल्याने ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवतं आणि गर्भाशय आकुंचन पावू शकतं. म्हणून हा खेळ करू नका. प्रसूतीआधी हाताने चीक काढून साठवणं ही वेगळी गोष्ट आहे. मधुमेह असलेल्या, पण बाकी धोका नसलेल्या गर्भवतींवर ऑस्ट्रेलियात एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. ३६व्या आठवड्यापासून चीक काढणाऱ्यांच्या बाळांना अतिदक्षता विभागात जास्त प्रमाणात दाखल करावं लागलं, असं त्यात दिसलं नाही. तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. वार खाली असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल किंवा वेळेआधी कळा येण्याची भीती असेल, तर नाहीच.

खरी कारणं डॉक्टरांना न सांगणं

मला ही सगळ्यात मोठी चूक वाटते. काळजी करण्यात महिना जातो आणि सांगण्यासारखं असतं तेच राहून जातं. स्तनांवर पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे का, विशेषतः स्तनाग्राभोवतीच्या काळ्या भागात छेद घेतला होता का? थायरॉइड, मधुमेह, पीसीओएस (संप्रेरकांचं संतुलन बिघडवणारा अंडाशयाचा विकार) आहे? मागच्या बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला होता, किंवा तेव्हा दूध कमी पडलं होतं? संपूर्ण गरोदरपणात स्तनांत काहीच फरक जाणवला नाही, किंवा दोन स्तनांमध्ये खूप अंतर आहे आणि ते नळीसारखे निमुळते आहेत? यातलं काही असलं म्हणजे दूध येणारच नाही असं नव्हे. पण दूध उशिरा किंवा कमी येण्याची शक्यता वाढते. ते आधी माहीत असेल तर पहिल्या दिवसापासून स्तनपान सल्लागाराची मदत मिळते आणि बाळाच्या वजनावर बारीक लक्ष राहतं.

दूध वाढवणारी चूर्णं, गोळ्या प्रसूतीआधी स्वतःच्या मनाने घेऊ नका. आत वळलेल्या स्तनाग्रांचे ‘व्यायाम’ही नकोत, त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. बाळ नुसतं बोंड चोखत नाही, त्याभोवतीचा बराच भाग तोंडात घेतं.

पहिल्या तासाचं काहीच न ठरवणं

दूध किती बनेल हे बरंचसं ते किती वेळा बाहेर निघतं त्यावर ठरतं. जागतिक आरोग्य संघटना जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी घ्यायला सांगते. सिझेरियन असलं तरी बहुतेकदा हे जमतं, पण आधी बोलून ठेवायला हवं. बाळ कुठे असेल? पकड नीट बसली का, हे कोण पाहील? बाळाला दूर ठेवावं लागलं तर चीक काढायला कोण शिकवेल? अशा वेळी पहिल्या काही तासांतच हाताने काढायला सुरुवात करावी आणि दिवसरात्र मिळून आठेक वेळा तरी काढावं.

चीक थेंबांनीच येतो, म्हणून घरात लगेच वरच्या दुधाची घाई होते. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी जेमतेम चमचाभरच लागतो. गरज नसताना वरचं पाजलं की बाळ स्तन चोखायला कमी येतं आणि मागणी घटल्याने दूधही घटतं. डॉक्टरांनी कारण सांगून वरचं दूध दिलं तर ते जरूर द्या, त्यात अपराधी वाटून घेऊ नका. फक्त त्या प्रत्येक वेळी स्तनांतून दूध काढत राहा.

रडण्यावरून पुरतं की नाही ठरवणं

२४ तासांत ८ ते १२ वेळा पिणं नवजात बाळाला नेहमीचं आहे. मोजायची ती शू-शी आणि वजन. पाचव्या दिवसापासून दिवसाला सहा तरी ओली लंगोटं आणि पिवळी शी दिसायला हवी. सुरुवातीला वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येतं. बाळ प्यायला उठतच नसेल, लघवी कमी किंवा विटकरी रंगाची होत असेल, कावीळ वाढत असेल, वजन दहा टक्क्यांपर्यंत उतरलं असेल, किंवा चौथ्या दिवशीही स्तन भरल्यासारखे वाटत नसतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.