कोंबडीच्या अंड्यांतून पिल्लं कमी निघतात? या चुका टाळा

पिल्लं कमी निघाली की आपण आधी उबवणी मशीनला दोष देतो. पण खान्देशात, विशेषतः मार्च ते जून, बरंचसं नुकसान अंडी मशीनमध्ये ठेवण्याआधीच झालेलं असतं.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या घरात टोपलीत आठ-दहा दिवस जमवलेली अंडी बाहेरून ताजी दिसतात, आत मात्र बिघडलेली असतात. तापमान २०-२१ अंशांच्या वर गेलं की गर्भाची वाढ सुरू होते, पण पुरती ऊब नसल्याने तो अर्धवट वाढतो आणि कमजोर होऊन मरतो. म्हणून अंडी १५ ते १८ अंशांत ठेवून सात दिवसांच्या आत मशीनमध्ये लावायची. एवढा गारवा घरात मिळत नसेल तर तीन-चार दिवसांचीच अंडी लावा. ती दिवसातून दोनदा गोळा करा आणि घरातल्या सगळ्यात गार, सावलीच्या कोपऱ्यात ठेवा. फ्रीज नको, तिथे फारच थंड असतं. अंडी धुऊही नका, कवचावरचा संरक्षक थर जातो आणि जंतू आत शिरतात. घाण लागलेली अंडी उबवायला घेऊच नयेत.

पंख्याच्या मशीनमध्ये तापमान ३७.५ ते ३७.८ अंश हवं. डिस्प्लेवर विसंबू नका. ताप मोजायचा थर्मामीटर अंड्यांच्या उंचीवर ठेवून पडताळा. अर्धा-एक अंश कमी झाला तर पिल्लं उशिरा येतात, वाढला तर मरतात. त्यामुळे मशीन पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीला लावून ठेवू नका. लाइट गेली तर झाकण उघडू नका. थोडा वेळ गार झालेलं गर्भ सोसतो, तापलेलं सोसत नाही.

आर्द्रता पहिले १८ दिवस ५०-५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५-७० टक्के. उन्हाळ्यातल्या कोरड्या वाऱ्यात मशीनमधलं पाणी भराभर आटतं, ते रोज बघावं लागतं. पावसाळ्यात मात्र सवयीने ट्रे काठोकाठ भरला तर अंड्यातला हवेचा कप्पा लहान राहतो आणि पिल्लू आतच गुदमरतं.

अंडी दिवसातून किमान तीन वेळा फिरवा, अठराव्या दिवशी फिरवणं थांबवा. आतून कवचाला टोच मारल्यावर पिल्लाला बाहेर यायला २४ तासही लागतात. कवच सोलून मदत करू नका, रक्तस्राव होतो.

एकविसावा दिवस उलटल्यावर न फुटलेली अंडी लगेच फेकून देऊ नका. आणखी दोन दिवस थांबा, मग फोडून बघा. माझ्या मते हे सगळ्यांत महत्त्वाचं काम आहे, आणि तेच सगळे टाळतात. आत रक्ताचं कडं दिसलं तर साठवणीतल्या उष्णतेवर किंवा पहिल्या दिवसांतल्या तापमानावर संशय घ्या. पूर्ण वाढलेलं, चिकट ओलं पिल्लू सापडलं तर आर्द्रता जास्त झाली. टोच मारून कोरड्या पापुद्र्यात अडकलेलं असेल तर ती कमी पडली किंवा झाकण वारंवार उघडलं गेलं. आत काहीच वाढ नसेल तर बहुधा अंडं फळलेलंच नव्हतं. मग कोंबडा तपासा. आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरणा कोंबडा लागतो, आणि कडक उन्हात त्याचीही क्षमता घटते.